पाच फोटो, एक गोष्ट आणि मतांची भानगड

आमच्या ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यंदा फोटो-गोष्ट स्पर्धा घेतली, विषय पावसाळा. पाच फोटो, क्रम तुम्हीच लावायचा, प्रत्येकाखाली दोन ओळी, आणि निकाल मेंबरांच्या मतांवर. परीक्षक मुद्दामच नाही ठेवला, कारण परीक्षक आणला की तो कुणाचा तरी मित्र निघतो आणि मग वर्षभर टोमणे ऐका.

खरी डोकेफोड मतदानाची. सगळे म्हणे, पोल टाक ना, दोन मिनिटांचं काम. अरे पण पोलमध्ये १२ च्या वर ऑप्शन बसत नाहीत, आणि कोणी कोणाला मत दिलं ते नावासकट चव्हाट्यावर, म्हणजे काकाने पुतण्याला मत नाही दिलं की गणपतीत अबोला. लाइक मोजावेत तर ज्याचा गोतावळा मोठा तो जिंकला. शेवटी गूगल फॉर्म केला. स्पर्धकांची नावं काढून नुसते नंबर दिले, ग्रिड म्हणजे तक्ता घेतला, ओळींत हे नंबर टाकले, ३, २ आणि १ गुणांचे रकाने केले आणि एका रकान्यात एकच टिक पडेल असं सेटिंग लावलं. ओळी शफल केल्या, नाहीतर यादीत वर असलेल्याला फुकटची मतं पडतात. मत देणाऱ्याचं नाव लागतं, पण ते फक्त मला दिसतं. स्वतःला मत नाही!

आणि स्पर्धा जाहीर व्हायच्या आधीपासून ग्रुपवर असेल त्यालाच मत. ही आयडिया विकिमीडिया कॉमन्सची, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या फोटोंच्या भांडाराची. त्यांच्या वर्षातल्या सर्वोत्तम फोटोसाठी मत द्यायचं तर अकाउंटवर ७५ च्या वर एडिट्स असावे लागतात, म्हणजे मत देण्यापुरतं कुणी उगवायला नको. आमच्याकडे तर स्पर्धा म्हटल्याबरोबर दोन मेहुणे आणि एक ऑफिसची मैत्रीण लगेच ग्रुप जॉइन करायला तयार होते.

आता ३-२-१ चा एवढा खटाटोप कशाला, तर ऐका. एकाने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून इंद्रवज्र टिपलं होतं. पाठीमागे ऊन, समोर दरीत ढग, त्यावर गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध ह्याचीच सावली. कर्नल साइक्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते तिथेच पाहिल्याचं १८३५ मध्ये नोंदवून ठेवलंय आणि आपल्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं जाऊन नुसतं धुकं खाऊन येतात. फोटो कडकच होता, वादच नाही. पण बाकीचे चार म्हणजे टेंट, मॅगी, ग्रुप सेल्फी आणि पार्किंग. गोष्ट कुठाय?

दुसरीकडे मुळशीकडची भातलावणी. पहिल्या फोटोत बांधावर ठेवलेल्या तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जुड्या, मग चिखलात घोटाभर रुतलेले पाय, मग इरल्याखाली बसून भाकरी खाणारी आजी, मग ओणवी रांग, आणि शेवटी संध्याकाळचं खाचर, त्यात एक पट्टा तसाच रिकामा. खाली लिहिलंय, "तरवा संपला. शेजाऱ्याकडे मागायला गेलेत." बास. एकही फोटो वॉलपेपरला लावण्यासारखा नाही, पण शेवटच्यापाशी आपण थांबतो, मिळाला का नाही मिळाला म्हणून.

नुसते ३ वाले मोजले असते तर इंद्रवज्र आरामात जिंकलं असतं. पण जवळजवळ प्रत्येकाने लावणीला निदान २ तरी दिले होते, आणि एकूण बेरजेत ती पुढे गेली. ह्या पद्धतीला बोर्डा काउंट म्हणतात, बोर्डा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७७० मध्येच ती मांडली होती. पळवाट आहेच, तगड्या स्पर्धकाला मुद्दाम यादीबाहेर ठेवता येतं, आणि दोघा-तिघांनी ते केलंयही (नावं मला दिसतात रे बाबांनो). तरी माझ्या मते गोष्टीसाठी हीच पद्धत बरी. पहिली पसंती पटकन डोळे दिपवणाऱ्या फोटोला जाते, दुसरी-तिसरी ठरवायला मात्र सगळं परत वर जाऊन वाचावं लागतं.

इंद्रवज्रवाल्याचं म्हणणं, मग एका फोटोची स्पर्धा वेगळी घ्या. घेऊ की, मागणी रास्त आहे.

पुढचा विषय एसटी. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधे पाठवलेत की व्हॉट्सॲप चेपून टाकतं. डेडलाइन रविवारी रात्री १०, आणि नेट नव्हतं हे कारण चालणार नाही, त्याच वेळी मॅचचे स्टेटस टाकताना दिसता तुम्ही.