नाव, दर्जा, धंदा, राहणार

शाळेचे मैदान, प्रार्थनेची रांग आणि मधली सुट्टी यांविषयी इतर माजी विद्यार्थी माझ्याहून अधिक चांगले लिहितील, म्हणून या स्मरणिकेसाठी मी एकच विषय निवडला आहे: आमच्या इंग्रजीच्या सरांनी नववीच्या वर्गाला लावलेले, जुन्या इंग्लंडमधील समाजाच्या पायऱ्या दाखवणाऱ्या शब्दांचे वेड. क्रमिक पुस्तकात त्यातले फारसे काहीच नव्हते. धड्यात ‘नाइट’ हा शब्द आला आणि सरांनी फळ्यावर त्याच्या शेजारी ‘नेव्ह’ हा शब्द लिहिला. आपण ज्याला पत्त्यांतला गुलाम म्हणतो, त्याचे हे जुने इंग्रजी नाव. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच होता, पोरगा. पुढे त्यांतला एक धन्याच्या पदरी शस्त्र धरणारा झाला, १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर त्यांच्या घोडेस्वार योद्ध्यांना इंग्रज रयत त्याच शब्दाने ओळखू लागली, आणि कालांतराने तो सन्मान ठरला. दुसरा आधी घरगडी झाला आणि मग लबाड. सिनेमातला व्हिलनसुद्धा मुळात जमिनीला बांधलेले कूळ होता, ज्याला मुलीच्या लग्नासाठीही जमीनदाराला पैसे मोजावे लागत, हे सांगितल्यावर वर्ग बराच वेळ गप्प बसला नाही.

एखाद्या शब्दाचा दर्जा ठरवताना सर एकच प्रश्न विचारीत: ‘या माणसाचा खून झाला, तर भरपाई किती?’ नॉर्मनपूर्व इंग्लंडच्या कायद्यांत त्याचे उत्तर आकड्यांत मिळते. वेसेक्सच्या राज्यात ‘थेन’, म्हणजे राजाच्या सेवेतला जमीनदार, मारला गेला तर त्याच्या नातलगांना १२०० शिलिंग द्यावे लागत. साधा स्वतंत्र शेतकरी, ‘चर्ल’, मारला गेला तर २००. सहा शेतकऱ्यांचा एक थेन, हे त्रैराशिक आम्ही मनातल्या मनात सोडवले. गुलामाच्या नातलगांना तर असा हक्कच नव्हता, आणि १०८६ मध्ये राजाने करवलेल्या जमीनमोजणीत नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे एकदशांश गुलाम होते. तरीही वर चढण्याची वाट होती. अकराव्या शतकाच्या आरंभी यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याच्याशी जोडल्या जाणाऱ्या एका मजकुरात म्हटले आहे की, पाच हाइड जमीन, शिवाय चर्च, स्वयंपाकघर, घंटाघर आणि गढीचा दरवाजा, तसेच राजाच्या दरबारात जागा असलेला चर्ल थेनच्या मानाला पात्र ठरे. आणि स्वखर्चाने तीनदा समुद्र ओलांडलेला व्यापारीसुद्धा. यातला स्वयंपाकघराचा उल्लेख मला आजही आवडतो. मात्र तो मजकूर ‘पूर्वी असे होते’ या सुरात लिहिलेला आहे. तक्रार करणाऱ्या माणसाला जुना काळ नेहमीच नीटनेटका दिसतो.

पुढे वकिली करू लागल्यावर या विषयाने मला पुन्हा गाठले. आपल्याकडे दस्तात पक्षकाराच्या नावापुढे ‘वय, धंदा, राहणार’ लिहिल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. इंग्लंडमध्ये १४१३ साली, पाचव्या हेन्रीच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी, असाच कायदा झाला: ज्या दाव्यांत वा आरोपांत माणसाला कायद्याबाहेरचा, म्हणजे कायद्याचे संरक्षण नसलेला, ठरवता येई, त्यांत त्याच्या नावाबरोबर त्याचा दर्जा किंवा धंदा आणि गाव लिहिलेच पाहिजे. एकाच नावाच्या दोन माणसांत घोटाळा होऊ नये, हा त्यामागचा हिशेब. परिणाम मात्र असा झाला की, ‘जंटलमन’, ‘योमन’, ‘हजबंडमन’ यांपैकी आपण कोण, हे प्रत्येकाच्या नावामागे कायमचे लिहिले जाऊ लागले. जंटलमन म्हणजे कुलचिन्ह बाळगण्याच्या दर्जाचा खानदानी माणूस, योमन हा स्वतःची जमीन राखून असलेला सधन शेतकरी, हजबंडमन त्याच्याहून लहान. हातमोजे बनवणाऱ्या जॉन शेक्सपिअरच्या घराण्याला १५९६ साली कुलचिन्ह मिळाले, आणि १६१६ च्या मृत्युपत्रात त्याचा मुलगा विल्यम स्वतःला जंटलमन म्हणवतो. कारकुनी भाषेतल्या त्या एका शब्दासाठी माणसे किती खटपट करीत, हे माझ्या मते नाटकांपेक्षा दस्तांतच अधिक स्पष्ट दिसते.

‘मिस्टर’ हे संबोधनही त्या काळी कोणालाही मिळत नसे. जंटलमनच्या खालच्या माणसाला ‘गुडमन’ म्हणत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या इंग्रज वसाहतीत १६३१ साली जोसायस प्लेस्टो नावाच्या गृहस्थाने तिथल्या मूळ रहिवाशांच्या मक्याच्या चार टोपल्या चोरल्या. न्यायालयाने आठ टोपल्या परत करण्याचा, पाच पौंड दंड भरण्याचा आणि यापुढे त्याला ‘मिस्टर’ न म्हणता नुसते जोसायस म्हणण्याचा निकाल दिला. हा निकाल सर अगदी रंगवून सांगत. आमच्या वर्गात मात्र नियम नेमका उलटा होता: एरवी सर आम्हाला एकेरी नावाने हाक मारीत, आणि ज्याला आडनावासह ‘मिस्टर’ म्हणून उभे करीत, त्याने छडीची तयारी ठेवावी.