चौकटी कंस आणि माझा सेटिंग्ज क्लास

पायथनमध्ये एक सेटिंग्जचा क्लास होता माझा, सगळीकडे डॉट लावून व्हॅल्यू काढायचो, पण की चं (म्हणजे सेटिंगचं) नाव व्हेरिएबलमध्ये असलं की दरवेळी गेटअ‍ॅट्र (नावावरून व्हॅल्यू काढणारं फंक्शन) लिहायचा कंटाळा यायला लागला. म्हटलं डिक्शनरीसारखे चौकटी कंस चालले तर बरं. सोपंय तसं, क्लासमध्ये डंडर (नावाच्या आधी-नंतर दोन-दोन अंडरस्कोर) गेटआयटम नावाची मेथड लिहायची, आत गेटअ‍ॅट्र, झालं. दोन ओळी. व्हॅल्यू टाकायला सेटआयटम, काढून टाकायला डेलआयटम.

मग मी सहज 'पोर्ट' ही की आहे का बघायला इन वापरला आणि टाइपएरर! म्हणे अ‍ॅट्रिब्यूटचं नाव स्ट्रिंगच पाहिजे. अरे मी स्ट्रिंगच दिलीये ना?? बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी गेटआयटममध्ये प्रिंट टाकला तर की म्हणून आला शून्य. क्लासमध्ये कंटेन्स (इन साठीची मेथड) आणि इटर (एकेक की देणारी मेथड) दोन्ही नसले की पायथन ऑब्जेक्टला लिस्टसारखं समजून ०, १, २ असं मागत सुटतं, हे तेव्हा कळलं.

आणि हो, नसलेली की मागितली तर कीएरर द्या, अ‍ॅट्रिब्यूटएरर तसाच बाहेर सोडू नका, वापरणारा कीएररच पकडणार.

थेट डिक्टवरून (पायथनच्या डिक्शनरीवरून) क्लास काढायचा मोह होतो, पण त्याचं गेट आणि अपडेट तुमच्या मेथड्सना विचारतही नाही. मी आता म्यूटेबलमॅपिंग (डिक्शनरीसारख्या क्लाससाठी पायथनचा तयार बेस क्लास) घेतो, पाच मेथड लिहिल्या की बाकीचं फुकट.