तुम्ही विचारलंत म्हणून: आई-बाबांना चालायला कुठे न्यायचं?

मे महिना लागला की हा प्रश्न येतोच. मुलांच्या मराठी शाळेबाहेर, गणपतीच्या तयारीच्या बैठकीत, कधी रात्री साडेदहाला मेसेजवर. "आई-बाबा जूनमध्ये येतायत. घरात बसून कंटाळतात, गुडघ्यांमुळे चढ जमत नाही. तुम्ही तुमच्या आई-बाबांना चालायला कुठे नेता?"

आम्ही बॉस्टनजवळ राहतो आणि गेली आठ वर्षं माझं उत्तर एकच आहे: केप कॉड, म्हणजे इथून जवळच समुद्रात शिरलेली जमिनीची लांब पट्टी. पण नुसता समुद्र दाखवून परत आणू नका. आत, तळ्यांकडे न्या.

पहिल्या वर्षी मी त्यांना न्यू हॅम्पशरच्या डोंगरांत नेलं होतं. आपल्या मनात चालणं म्हणजे एकतर सकाळचा फेरफटका, नाहीतर गड चढणं. तिथल्या वाटा धोंड्यांनी आणि मुळांनी भरलेल्या. अर्ध्या तासात बाबा एका दगडावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. आम्ही बसतो इथे." एवढ्या लांबून आलेल्या माणसांना झाडाखाली बसवून आपण पुढे जायचं, हे मला फार लागलं. सपाट वाटा मी तेव्हापासून शोधायला लागले.

केप कॉड हा हिमनदीने आणून टाकलेल्या वाळूचा आणि गोट्यांचा प्रदेश. सुमारे १८ हजार वर्षांपूर्वी बर्फाचा थर मागे हटू लागला, तेव्हा त्याचे अवाढव्य तुकडे वाळूत गाडलेले राहिले. ते सावकाश वितळले, वरची वाळू खचली आणि खळगे पडले. त्या खळग्यांची तळी झाली. लहान-मोठी धरून ती हजाराच्या घरात आहेत. जमीन वाळूची असल्यामुळे पाऊस पडून गेला की वाट लगेच कोरडी होते, चिखल राहत नाही. वर पाइनच्या सुयांचा जाड थर असतो, त्यामुळे पाऊल मऊ पडतं. आई म्हणाली, "शेणाने सारवलेल्या अंगणात चालल्यासारखं वाटतंय." दुखऱ्या गुडघ्यांना आणखी काय हवं?

सुरुवात ब्रूस्टरच्या निकर्सन स्टेट पार्कपासून करा. ॲडी निकर्सन नावाच्या बाईंनी १९३४ मध्ये ही जमीन राज्याला दिली, १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेलेल्या आपल्या मुलाच्या आठवणीसाठी. आत बरीच तळी आहेत, त्यांतलं सगळ्यात मोठं क्लिफ पाँड. त्याची पूर्ण फेरी सुमारे तीन मैलांची. पण पूर्ण करायचा हट्ट धरू नका. वाट पाण्याच्या कडेकडेने जाते, कुठूनही मागे फिरता येतं.

तिथेच बाबांनी मला एक प्रश्न विचारला. आमचं मूळ घर कोकणात. विहीर कुठे खणायची, पाणी किती हातांवर लागेल, यावर बाबांचं आयुष्य गेलेलं. ते तळ्याच्या काठाशी उकिडवे बसले, पाण्यात हात घातला, तळची वाळू मुठीत घेऊन बोटांतून सोडली. पाणी इतकं नितळ की हाताची घड्याळपट्टी खालच्या गोट्यांसकट दिसत होती. मग मान वर करून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. "अगं, याला नदी मिळत नाही, ओढा मिळत नाही. पाणी येतं कुठून?"

मी म्हटलं, "खालून. जमिनीत जेवढं पाणी आहे तेवढंच वर दिसतं."

"म्हणजे ही विहीरच की!"

विहीरच. इथल्या अनेक तळ्यांना येणारा प्रवाह नाही आणि जाणाराही नाही. भूजलाची पातळी वाळूतल्या खळग्यात उघडी पडलेली, एवढंच. केपवर नळाला येणारं पाणीही याच वाळूखालचं. म्हणून तिथली माणसं तळ्यांना जपतात आणि आपणही जपायला हवं. घराघरांच्या सेप्टिक टाक्यांतून झिरपणाऱ्या सांडपाण्याने आणि हिरवळीवर मारलेल्या खतांनी काही तळ्यांत उन्हाळ्यात विषारी शेवाळ वाढतं. तशी पाटी दिसली तर पाण्यात पाय घालू नका, नातवंडांनाही घालू देऊ नका.

त्या दिवशी बाबा दीड मैल चालले. दर वळणावर थांबून पाणी काठापासून कुठवर आलंय ते बघत होते.

चालायची आणखी थोडी उमेद असेल तर ईस्टहॅमला जा. केप कॉड नॅशनल सीशोअर ही १९६१ पासून राखलेली सरकारी भूमी, तिचं सॉल्ट पाँड व्हिजिटर सेंटर तिथे आहे. सॉल्ट पाँडही असंच बर्फाने घडवलेलं गोड्या पाण्याचं तळं होतं. पुढे समुद्राने काठ फोडला आणि ते खारं झालं. त्याच्या कडेने सव्वा मैलाची नॉसेट मार्श ट्रेल निघते. मार्श म्हणजे आपलं खाजणच: भरतीला पाणी आत, ओहोटीला चिखल, मध्ये गवत आणि त्यात उभे बगळे. आईने पाहताक्षणी खाजण म्हटलं आणि आमच्या घरात आता तोच शब्द आहे. जुलैत मात्र खाजणाकडे हिरव्या डोळ्यांच्या माशा कडकडून चावतात, तेव्हा पाइनच्या सावलीतल्या तळ्यांकडेच राहा. त्याच सेंटरजवळ पाव मैलाची बटनबुश ट्रेल आहे. तिला धरून चालायला दोर आहे आणि पाट्या ब्रेलमध्येही आहेत. माझी एक मावशी, जिला आता फारच कमी दिसतं, ती दोराला हात लावून ही वाट कोणाच्याही आधाराशिवाय चालली. पाव मैल म्हणजे काहीच नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिचा चेहरा पाहायला हवा होता.

वेलफ्लीटची ॲटलांटिक व्हाइट सीडार स्वाँप ट्रेल माझी सर्वांत आवडती. १९०३ मध्ये मार्कोनीच्या केंद्रातून अमेरिकेच्या अध्यक्षांचा बिनतारी संदेश इंग्लंडच्या राजाला गेला, ती जागा शेजारीच आहे. समुद्राचा वारा खात निघायचं, बुटक्या पाइनमधून उतरायचं आणि एकदम सीडारच्या दाट सावलीत शिरायचं. तिथे पायाखाली फळ्यांचा पूल आणि खाली पानं-मुळं मुरून कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं पाणी. एवढंच लक्षात ठेवा की परतीची वाट भुसभुशीत वाळूतून जाते आणि ती पायांचा जीव काढते. फळ्या संपल्या की आल्या वाटेनेच मागे फिरा. फळ्यांची दुरुस्ती चालू नाही ना, हेही निघण्याआधी बघून घ्या.

ज्यांना अजिबात चढउतार नको, त्यांच्यासाठी केप कॉड कनाल या कालव्याच्या दोन्ही काठांचा डांबरी रस्ता आहे. बाजूने जहाजं जातात. बाबांना आवडलं, आईला नाही. तिला झाडं हवीत.

आता गोचिडीबद्दल. हे मी कधीच वगळत नाही, कारण आपले आई-बाबा ते मनावर घेत नाहीत. इथल्या हरणांवरच्या गोचिडी तिळाहूनही बारीक असतात आणि त्यांच्यामुळे लाइम हा आजार होतो. फिकट रंगाचे कपडे घाला, पँट किंवा सलवार मोज्यांत खोचा, गवतात बसू नका. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट पाहा. बहुतेक वेळा गोचीड दिवसभर चिकटून राहिली तरच रोग देते, म्हणून त्याच संध्याकाळी तपासणं महत्त्वाचं. आणि आईला पॉयझन आयव्ही ओळखायला शिकवा. पळसाला पानं तीन, तशी हिलाही तीनच. दिसेल तो पाला चुरडून वास घ्यायची आपल्या बायकांची सवय इथे महागात पडते, अंगभर पुरळ उठतं.

उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारनंतर केपला नेणाऱ्या सॅगमोर पुलावर गाड्यांची रांग लागते. जायचं तर मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी सातला निघून. सीशोअरच्या किनाऱ्यांवर तेव्हा गाडीचे पैसे पडतात, सीशोअरच्या वाटांना नाही. गावांच्या मालकीच्या तळ्यांपाशी मात्र बऱ्याच ठिकाणी फक्त स्थानिकांच्या गाड्या लावू देतात. डब्यात दडपे पोहे न्या, टिकतात.

यंदा आई-बाबा सप्टेंबरात येणार आहेत. तिकीट काढून झाल्यावर बाबांनी फोनवर विचारलं, "यंदा पाणी किती आहे गं त्या तळ्याला?" गावच्या विहिरीची चौकशी करतात, अगदी तसंच. मागच्या रविवारी मी निकर्सनला जाऊन पाहून आले. ते बसले होते तिथला मोठा दगड अर्धा पाण्यात आहे आणि त्याच्या पुढची वाट बुडालेली आहे. तसं त्यांना कळवलं.

"म्हणजे हिवाळ्यात बऱ्यापैकी मुरलंय," बाबा म्हणाले.