फुंक त्यांची, भाता यांचा

बुधवार, रात्री उशिरा

शिकवण्या आटोपल्यावर फ्रान्स ब्रुगेन आणि गुस्टाव लेऑनहार्ट या डच वादकांचं जुनं ध्वनिमुद्रण लावून बसले. ब्रुगेन रेकॉर्डर नावाच्या बासरीवर, साथीला लेऑनहार्ट. लेऑनहार्ट ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड (पट्ट्या दाबल्या की तारा छेडल्या जाणारं वाद्य) दोन्ही वाजवायचे. अ‍ॅमस्टरडॅमच्या वाल्से चर्चमधल्या 1734 सालच्या ऑर्गनवर त्यांनी अनेक वर्षं सेवा केली.

रेकॉर्डर आपल्या अलगुजाच्या जातीचा. तोंडाशी खुंटी बसवलेली, तिच्यावरून फुंक थेट एका धारेवर जाते आणि स्वर निघतो. चर्चमधल्या ऑर्गनच्या बहुतेक नळ्या याच तत्त्वावर बोलतात, फक्त फुंक भात्याची. आपल्या नाटकांतला पायाने भाता मारायचा ऑर्गन पत्त्यांचा, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पात्यांचा. तो पेटीचा भाऊ. मी पेटी वाजवते. गाणारा हळू झाला की भात्यावरचा माझा डावा हात आपसूक हलका पडतो. चर्चच्या ऑर्गनमध्ये हवेचा दाब कायम ठेवलेला असतो, पट्टी अलगद दाबा की जोरात, नळीचा आवाज तेवढाच. रेकॉर्डरवाल्याची अडचण वेगळी: फुंक वाढवली की आवाज वाढतो, पण स्वरही चढतो, कमी केली की उतरतो.

मग हे दोघं ऐकताना डोळ्यांत पाणी का येतं? आज कान देऊन ऐकलं. लेऑनहार्ट महत्त्वाचा स्वर किंचित उशिरा आणतात आणि आधीचा लवकर सोडतात. त्या इवल्याशा मोकळ्या जागेमुळे पुढचा स्वर वजनदार वाटतो. ब्रुगेन जिभेने स्वर तोडतात, फुंक वाढवतात, आणि चढू पाहणाऱ्या स्वराला बोटांनी सावरून घेतात. एका लांब स्वराला त्यांनी असा फुगवटा दिला की मला ख्यालातल्या आकाराची आठवण झाली.

लेऑनहार्ट 1928 चे, ब्रुगेन 1934 चे. ब्रुगेन एकविसाव्या वर्षी हेगच्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेही बऱ्याच जणांना शाळेतल्या मुलांचं वाटणारं वाद्य शिकवायला! 1966 मध्ये इटालियन संगीतकार लुचानो बेरिओ यांनी त्यांच्यासाठी ‘जेस्ती’ ही रचना केली. तिच्यात सुरुवातीला तोंड आणि बोटं एकमेकांपासून स्वतंत्र चालतात. जुन्या संगीताचा माणूस म्हणून ज्यांची ओळख, त्यांनी इतकं धाडसी नवं संगीतही वाजवावं, याचं मला फार कौतुक आहे.

सतराव्या शतकातल्या याकोब फान आइक यांच्या रचनाही ब्रुगेन वाजवत. हे नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहराचे अंध घंटावादक. 1649 मध्ये नगरीने त्यांचा पगार 100 गिल्डर केला, अट एकच: संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरायला येणाऱ्यांना अधूनमधून बासरी ऐकवायची. अशी नोकरी कुणाला आवडणार नाही!

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. 1981 मध्ये ब्रुगेन यांनी ‘अठराव्या शतकाचा ऑर्केस्ट्रा’ उभा केला. त्यात मिळकतीचा वाटा सगळ्यांना सारखा, संचालकालाही तेवढाच. हळूहळू रेकॉर्डर मागे पडला आणि ते संचालनातच रमले. 2014 मध्ये गेले. लेऑनहार्ट मात्र शेवटपर्यंत वाजवत राहिले. डिसेंबर 2011 मध्ये पॅरिसला त्यांची अखेरची मैफल झाली, जानेवारीत ते गेले. तो ऑर्केस्ट्रा मला आवडतो. पण ब्रुगेन यांनी रेकॉर्डर सोडायला नको होता, असं मला मनापासून वाटतं. ऑर्केस्ट्रा घडवणारी माणसं आणखी होती, त्या लांब स्वराला असं वाजवणारं दुसरं कुणी मला अजून सापडलेलं नाही.

उद्या सकाळच्या मुलींना भाता एकसारखा ठेवून भूपची सरगम वाजवायला सांगणार आहे. आवाज कमीजास्त करायचा नाही, स्वर कधी धरायचा आणि कधी सोडायचा एवढंच त्यांच्या हातात. आधी मी स्वतः वाजवून बघते.