आई, सिरीयल आणि 'कोर्ट'

पिक्चर बघून बाहेर पडलं की माझ्याकडे दोनच वाक्यं असायची, 'भारी होता' नाहीतर 'स्लो होता'. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१५ मध्ये थेटरात लागला तेव्हा मी दुसरं वापरलं. नॅशनल अवॉर्ड मिळालंय म्हणून कौतुकाने गेलेलो, आणि बघतो तर कॅमेरा जागचा हलत नाही, वकील कायद्याची कलमं वाचतायत, तारीख पडतेय, परत तारीख पडतेय, मी मधेच दोनदा मोबाईल बघितला आणि घरी येऊन सांगितलं की एसीत मस्त झोप लागली.

आमच्या घरात खरी समीक्षक आई आहे, तिला स्वतःला हे माहीत नाही एवढंच. एकदा रात्री तिची सिरीयल चालू होती, घरात नवीन पाहुणी आलेली, आणि मी जेवता जेवता म्हटलं ही आता व्हिलन होणार वाटतं. आई भाकरीवरून नजर न काढता म्हणाली, "छे, ही महिन्याभरात जाते बघ. दोन आठवडे झाले येऊन, अजून हिला खोली नाही दिलेली, कायम हॉलमध्ये उभी." आणि गेली की ती! म्हणजे ज्या पात्राचं काम लांब चालणारे त्याच्यासाठी बेडरूमचा सेट लावतील, जिचं नाही तिच्यासाठी कशाला कोण खर्च करेल, हे आईने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, नुसतं बघून बघून कळलेलं. मी तीच सिरीयल तितकेच दिवस बघत होतो आणि मला खोली दिसलीच नव्हती.

मग लॉकडाऊनमध्ये 'कोर्ट' परत लावला, या वेळी लॅपटॉपवर, आणि एक जुनी वही घेऊन बसलो. पानाच्या मधून रेघ मारली, डावीकडे 'काय दिसलं', उजवीकडे 'मला काय वाटलं'. नियम एकच, डावीकडे काही लिहिल्याशिवाय उजवीकडे लिहायचं नाही. सोपं वाटतं ना? पहिल्या अर्ध्या तासात माझी उजवी बाजू भरली आणि डावीकडे फक्त 'कोर्ट, पंखे, गर्दी'. डोळ्यांना सवयच नव्हती हो.

गोष्ट थोडक्यात अशी की नारायण कांबळे नावाच्या म्हाताऱ्या लोकशाहिरावर केस आहे, त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली म्हणे. त्या कामगाराच्या बायकोची साक्ष होते. गटारात उतरायच्या आधी तो झुरळं दिसतायत का बघायचा, झुरळं दिसली तर आत हवा आहे. आता हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही पिक्चरमध्ये आलं असतं तर काय झालं असतं सांगा. बाईचा क्लोजअप, डोळ्यात पाणी, मागे सारंगी. इथे काहीच नाही, संगीत नाही, ती सपाट आवाजात उत्तरं देते आणि कामकाज पुढे सरकतं. डावीकडे लिहिलं, 'कॅमेरा जवळ गेला नाही'. उजवीकडे लिहायला दहा मिनिटं लागली, की कोर्टही तिच्या जवळ जात नाहीये, आणि आपल्यालाही तिथेच मागच्या बाकावर बसवून ठेवलंय. थेटरात मला जो कंटाळा आला होता तो याचाच होता, फक्त तो माझा नसून त्या कांबळेचा होता हे कळलं नव्हतं.

शेवटाजवळ एक शॉट आहे. सुट्टी लागायच्या आधीचा दिवस, कोर्टातली माणसं निघून जातात, मग दिवे बंद होतात, पडदा पूर्ण काळा. थेटरात मी इथे चप्पल शोधायला लागलेलो. पण पिक्चर संपत नाही! पुढे जजसाहेब सुट्टीला रिसॉर्टवर, बाकावर बसल्या बसल्या डुलकी काढतायत, पोरं येऊन जोरात ओरडतात, ते दचकून उठतात, हाताला लागलेल्या एका पोराच्या कानाखाली देतात आणि परत डोळे मिटतात. संपला. याच माणसाने आधी एका बाईने स्लीव्हलेस घातलंय म्हणून तिची केस ऐकायला नकार दिलेला असतो. पहिल्या वेळी हा सीन मला उगाच चिकटवल्यासारखा वाटलेला. वहीत दोन्ही एकाखाली एक आल्यावर मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

अर्थात हा छंद डोक्यात पण जातो. मित्रांच्या ग्रुपमध्ये एकदा मी एका शॉर्टफिल्ममधल्या हिरव्या भिंतीवर पंधरा मिनिटं बोललो, हिरवा म्हणजे मत्सर, हिरवा म्हणजे सडणं वगैरे. ती फिल्म करणारा समोरच होता. बिचारा म्हणाला, "अरे घरमालकाने रंगवू दिली नाही." सगळे हसले, मी पण. भिंत चुकून हिरवी असली तरी बघणाऱ्याला काहीतरी वाटतंच, हे मला अजूनही पटतं, पण पंधरा मिनिटं नाही.

उलट 'फँड्री'त डुक्कर बांधून खांद्यावरून नेताना मागे भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई दिसतात, ती भिंत तिथे चुकून आलेली नाही. नागराज मंजुळे तिथून कॅमेरा घाईने हलवत नाही, डुक्कर नेणारे चालत जाईपर्यंत ते चेहरे आपल्याला बघावेच लागतात. चुकून आणि मुद्दाम यातला फरक मी बऱ्याचदा असाच ओळखतो, किती वेळ दाखवलंय त्यावरून.

गेल्या रविवारी आईला 'कोर्ट' दाखवला. मला वाटलं अर्ध्यात उठेल. सरकारी वकील बाईंचा सीन आला, कोर्टातून सुटून लोकल पकडतात, पोराला घेतात, घरी येऊन स्वयंपाक. या सीनवर माझ्या वहीत एवढंच होतं, 'ती पण आपल्यासारखीच मध्यमवर्गीय'. आई म्हणाली, "आली ती सरळ ओट्यापाशी. दिवसभर कोर्टात बोलून आलीये, घरात एकाने तरी विचारलं का आज काय झालं?"

मी रिवाइंड करून बघितलं.


आई म्हणाली, "पुढे जाऊ दे रे आता, जेवायचंय."