चौथ्या नंबरची वेळ

‘सर, अपील करा. तीन शतांश सेकंद म्हणजे काही फरक झाला का?’ लोकमान्यनगरातून माझ्याकडे पोहायला येणाऱ्या एका मुलीचे बाबा निकालाच्या कागदावर बोट ठेवून विचारत होते. इंदूरमधलीच आंतरशालेय स्पर्धा, ५० मीटर फ्रीस्टाईल. तिसऱ्या नंबरच्या मुलीची वेळ ३२.६८ सेकंद, हिची ३२.७१. चौथा नंबर.

त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. आमच्या छोट्या स्पर्धांना भिंतीवर टचपॅड, म्हणजे हात लागताच वेळ आपोआप नोंदवणाऱ्या पट्ट्या, नसतात. प्रत्येक लेनवर तीन टाइमकीपर स्टॉपवॉच घेऊन उभे राहतात आणि तिघांतली मधली वेळ धरली जाते. माणसाच्या अंगठ्याला शतांश सेकंद कुठला कळायला? पण मी काठावर, भिंतीच्या अगदी जवळ होतो. भिंतीच्या पाच मीटर आधी पाण्यावर टांगलेल्या झेंड्यांपर्यंत ती पुढे होती. तिथे तिने शेजारच्या लेनकडे बघायला डोकं वर काढलं. डोकं वर आलं की कंबर बुडते, तशी तिची बुडाली, आणि शेवटचा हात मारायच्याऐवजी ती नुसती सरकत आली. शेजारच्या मुलीने तोंड पाण्यातच ठेवलं आणि खांद्यापासून हात ताणून भिंत गाठली. डोळ्यांनी पाहिलेल्याच्या विरोधात मी अर्ज देणार नव्हतो. तसं त्यांना सांगितलंही.

पोरगी पायरीवर टॉवेलात तोंड खुपसून बसली होती. तिच्यादेखतच बाबा म्हणाले, ‘ठीक आहे. पुढच्या वर्षी नववी. आता पुरे झालं हे पोहणं.’

मला राहवलं नाही. ‘वीरधवल खाडे ठाऊक आहे ना?’

‘कोल्हापूरचा? तो तहसीलदार झाला ना?’

‘तोच. पण तिथे गोष्ट संपत नाही.’

आणि तिथेच, ओल्या फरशीवर उभ्या उभ्या, मी त्यांना सगळं सांगितलं. सोळाव्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेलेला हा मुलगा. २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य. त्याआधी जलतरणात आशियाई पदक आणलं होतं ते खजान सिंग यांनी, १९८६ ला सोलमध्ये. मधली २४ वर्षं कोरडी. मग महाराष्ट्र सरकारची नोकरी आली आणि सराव मागे पडला. आपल्याकडे बहुतेकांची कारकीर्द इथेच गुंडाळली जाते. खाडे परतला. २०१८ ला जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत, सत्ताविशीला टेकलेला असताना, ५० मीटर फ्रीस्टाईलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंद. नऊ वर्षं जुना स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला. अंतिम फेरीत २२.४७. कांस्य जपानच्या नाकाओला, २२.४६ ला. एका शतांशाने चौथा.

‘म्हणजे हुकलंच की,’ बाबा म्हणाले.

‘पदक हुकलं. पण सोळाव्या वर्षी, पूर्णवेळ सराव असतानासुद्धा जे जमलं नव्हतं, ते त्याला नोकरी सांभाळून, इतक्या खंडानंतर जमलं. चौथा आला म्हणून ती वेळ खोटी ठरते का?’

मग मी माझी वही काढली. उन्हाळ्यात हिची वेळ होती ३३.८६. आज ३२.७१. पन्नास मीटरमध्ये सेकंदाहून जास्त कमी करणं म्हणजे काय असतं, ते पहाटे तिच्याबरोबर पाण्यात उतरणाऱ्यांनाच माहीत. हे त्या कागदावर सकाळपासून कुणीच पाहिलं नव्हतं, तिने स्वतःही नाही. तिने टॉवेल बाजूला केला, वही ओढून घेतली आणि दोन्ही आकड्यांची वजाबाकी बोटांवर केली. ‘सर, एक सेकंद पंधरा?’

‘हो बेटा. आणि डोकं खाली ठेवलं असतंस तर अजून थोडं.’

तिला ऋजुता खाडेबद्दलही सांगितलं. वीरधवलची बायको, तीसुद्धा स्प्रिंटर, म्हणजे कमी अंतर वेगात पोहणारी. २०२३ ला गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण पुरुषांत त्याला आणि महिलांत तिला मिळालं. हे ऐकून पोरगी पहिल्यांदा हसली.

बाबांनी त्या दिवशी कसलाच शब्द दिला नाही. नववीचा निर्णय अजून व्हायचाय. पण सकाळी स्कूटरवरून तिला सोडायला ते येतात आणि हल्ली काठावर थांबतात. आमचं सध्या शेवटच्या पाच मीटरचंच काम चालू आहे: झेंड्यांच्या खाली आलं की श्वास नाही, शेजारी बघणं नाही, हात भिंतीला लागेपर्यंत पाय थांबवायचे नाहीत.