चार वाजताचा माणूस

काल रात्री ईडिथ व्हॉर्टनचं 'हाऊस ऑफ मर्थ' परत संपवलं, २२ वर्षांनी, आणि झोप उडाली ती नायिका लिलीच्या मरणाने नाही, मार्जिनमधल्या पेन्सिलीमुळे. तिचा जीव ज्याच्यावर त्या सेल्डनच्या शेकोटीत ती बर्थाची पत्रं गुपचूप टाकते ना, हिची बदनामी करणाऱ्या, लग्न झालेल्या बर्थाने सेल्डनलाच लिहिलेली प्रेमपत्रं, तिथे माझ्याच अक्षरात, "मूर्ख आहे ही!!" दोन उद्गारचिन्हं. अगं बाई, केवढा तो कॉन्फिडन्स.

तेव्हा वाटलेलं, पत्रं बर्थाच्या तोंडावर मारायची की, आख्खं न्यूयॉर्क परत हिच्या दारात आलं असतं. हिशेब चुकीचा नव्हता म्हणा. १९०५ सालचं पुस्तक, पण पैशाशिवाय त्यात पान हलत नाही, मैत्रिणीच्या नवऱ्याचे, ट्रेनॉरचे, देणं असलेले ९,००० डॉलर, आत्याने ठेवलेले १०,०००, आणि शेवटच्या रात्री ही बसून ट्रेनॉरच्या नावे चेक लिहिते, मग ते क्लोरल, झोपेचं औषध, जरा जास्त. मुद्दाम की चुकून, व्हॉर्टन सांगत नाही.

मला राग येतोय तो सेल्डनचा. उद्या चारला भेटायचं ठरलेलं, त्या रात्री तिला ट्रेनॉरच्या घरातून बाहेर पडताना बघितलं, तर एका शब्दाने न विचारता गडी बोटीत बसून हवानाला. ही घड्याळ बघत बसलेली. आणि शेवटी येतो कधी, तर सकाळी, छान ऊन पडलंय, तिला सांगायचा तो शब्द एकदाचा सापडलाय, आणि ती गेलेली. मेल्या, आदल्या संध्याकाळी तुझ्याच खोलीत बसून गेली की ती, तेव्हा काय झालेलं?

तेच पान तीनदा वाचलं. मी काही लिली नाही, ना तो चेहरा ना ते गाऊन, पण चार वाजेपर्यंत घड्याळ बघणं मलाही... जाऊ दे. ताईला सांगितलं तर म्हणेल, रात्री दोनला रडतेस, मग सकाळी डबा कोण करणार. केला डबा. भाजीत मीठ नव्हतं म्हणे.

बरं, व्हॉर्टनबाई एवढ्यावर थांबत नाहीत. १९२० च्या 'एज ऑफ इनोसन्स'मध्ये नायक न्यूलंड आर्चरला २६ वर्षांनी पॅरिसला नेतात, त्याच्या जुन्या प्रेमाच्या, एलेनच्या, खिडकीखाली बाकावर बसवतात आणि जिना न चढताच परत पाठवतात, वर त्या पुस्तकाला पुलित्झर पुरस्कार. ही जात बाईंना पक्की माहीत होती. हे वाचून का कोण जाणे हसूच आलं.

पेन्सिलीचं खोडलं नाही. नुसता 'ही'चा 'हा' केला.

मिलिंदचा मिस्ड कॉल तसाच पडलाय परवापासून. आत्ता साडेअकरा. चारला करते.